सांभाळीन

प्रथमेश खोत खुर्चीत पुढे झुकला, बायकोकडे बघून हसला आणि म्हणाला, "घरी चल. मी तुला सांभाळीन."

केतकी हुद्दारने मान डोलावली. सांगलीतल्या एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रात ती बरीच वर्षं काम करत होती. भांडून आलेली जोडपी समोर बसवायची, दोघांना बोलतं करायचं, आणि कुणाला घरी पाठवायचं, कुणाला वकिलाकडे, कुणाला पोलिसांकडे, हे ठरवायचं. माणसांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून त्या खोलीत रेकॉर्डिंगला बंदी होती. तिथे जे बोललं जाई त्याला साक्षीदार एकच, केतकीचे कान.

ते कान यंत्राचे होते. चाळिशीच्या आत एका आजारपणात दिलेल्या जालीम औषधांनी तिचं ऐकणं पार गेलं. मग शस्त्रक्रिया झाली. आतल्या कानाच्या शंखात तारेसारखा बारीक इम्प्लांट बसवला गेला आणि कानामागे शेंगदाण्याएवढा प्रोसेसर आला. प्रोसेसर बाहेरचा आवाज टिपायचा, त्याचे विजेचे ठोके करायचा आणि ते ठोके सरळ श्रवणाच्या नसेला द्यायचा. सुरुवातीला माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटत. दरवर्षी नवी ऑपरेटिंग सिस्टिम येत गेली आणि आवाज सुधारत गेले. आता तर नुसतं ऐकू येत नसे, ऐकायला छान वाटे.

"सांभाळीनच हिला," प्रथमेश पुन्हा म्हणाला. या वेळी तो केतकीकडे रोखून बघत, एकेक शब्द सुटा करून बोलला. "तुमच्यासमोर सांगतो, मॅडम."

"उत्तम," केतकी म्हणाली आणि तिने पुन्हा मान डोलावली.

प्रथमेशच्या भुवया वर गेल्या. क्षणभर तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मोठ्याने हसला आणि गाडी काढायला बाहेर गेला.

त्याची बायको सायली जागची हलली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. सांभाळीन म्हणाला."

"नाही हो. सांभाळीन म्हणाला तो. सांभाळीन!"

"अगं, मीही तेच म्हणतेय."

सायलीने पुन्हा सांगून पाहिलं, या वेळी जवळजवळ ओरडून. केतकीला पुन्हा तेच ऐकू आलं आणि तिच्या मनात आलं, की ही मुलगी फार ताणाखाली आहे. तेवढ्यात सायलीने टेबलावरचं पेन उचललं, डाव्या तळहातावर काहीतरी खरडलं आणि हात केतकीच्या डोळ्यांसमोर धरला.

जाळीन.

दारातून प्रथमेशची हाक आली. सायलीने मूठ मिटली.

"थांब, जाऊ नकोस," केतकी म्हणाली.

सायली काहीतरी बोलली. केतकीला ऐकू आलं ते असं: "पोरगी घरी सासूजवळ आहे, मॅडम. मला गेलंच पाहिजे." हे तरी ती खरंच म्हणाली का, हे केतकीला कळेना. केतकी उठून दारापर्यंत जाईतो दोघं गाडीवर बसून निघूनही गेली होती.

तिने रंगरावमामांना हाक मारली. मामा केंद्रातले शिपाई. निवृत्तीला आले होते, आवाज खणखणीत.

"मामा, मला म्हणा, 'मी तुम्हाला मारीन.'"

"काय हो, मॅडम!"

"म्हणा तर. परीक्षा आहे."

मामांनी कान पकडले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी तुम्हाला तारीन."

"तारीन म्हणालात की मारीन?"

"तारीन," मामा म्हणाले. त्यांचा आवाज तोच होता, वरच्या पट्टीत किंचित चिरकणारा. हेलही त्यांचाच. केतकीने कागद पुढे केला. मामांनी लिहिलं, 'मारीन', आणि खाली 'माफ करा'.

तिने सायलीला फोन लावला. लगेच उचलला गेला. "मी ठीक आहे, मॅडम, सगळं छान आहे," सायली म्हणत होती. केतकी फोन हातात धरून उभी राहिली. फोनही त्याच प्रोसेसरमधून ऐकू येत होता. या आवाजाचा काय उपयोग? पोलिसांत जायचं तर ते पहिला प्रश्न विचारतील, तुम्ही काय ऐकलंत? आणि ती काय सांगणार होती?

कंपनीचं सेवा केंद्र पलीकडच्याच चौकात होतं. तिथला गुणे नावाचा अधिकारी नेहमीसारखा अदबीने उठून उभा राहिला. केतकीने त्याला बसूच दिलं नाही. "माझं यंत्र माणसांचे शब्द बदलतंय."

"आपल्याला त्रास होतोय याचं वाईट वाटतं, मॅडम."

"तुम्ही हेच म्हणालात का, ते मला कसं कळणार? लिहून द्या."

गुणे हसला. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. गेल्या वर्षीच्या नव्या सिस्टिममध्ये 'सौम्य श्रवण' नावाची सोय आली होती. ऐकू येऊ लागलेल्या कित्येकांना माणसांचे टोमणे, आरडाओरडा सहन होत नाही, ती खचतात, असं कंपनीला आढळलं होतं. म्हणून प्रोसेसर आता वाक्य पुरं होण्याआधीच त्याचा रोख ओळखत असे. वाक्य बोचरं असेल तर ओठांच्या हालचालीशी आणि लांबीशी जुळणारा मऊ शब्द शोधून, बोलणाऱ्याच्याच आवाजात तो घडवत असे. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर. अटी मान्य आहेत म्हणून केतकीनेच बोट टेकवलं होतं.

"बंद करा ते."

गुणेने टाइप केलं: 'ही सोय वेगळी काढता येत नाही. ती सिस्टिमचाच भाग आहे.' मग तिच्याकडे बघून तो काहीतरी बोलला. केतकीला ऐकू आलं, "काळजी करू नका, ताई. सगळं चांगलं होईल." पण ते म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेशही नव्हता.

बाहेर येऊन तिने इम्प्लांट बसवलेल्या लोकांच्या गटात मेसेज टाकला. दोघातिघांनी एकच पत्ता दिला. मिरजेत स्टेशन रोडला तबस्सुम शिकलगार.

तबस्सुम इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. आधी अशाच एका कंपनीत प्रोसेसर तपासायची. मग ती नोकरी सोडून तिने स्वतःचं दुकान टाकलं होतं. केतकीला बघताच ती काही बोलली नाही. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि मोठ्या अक्षरांत टाइप केलं: 'सौम्य?'

केतकीने मान हलवली आणि सकाळपासून काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. तबस्सुमची बोटं भराभर चालू लागली.

'तुमच्या कानामागे आहे तो एक कॉम्प्युटरच आहे. कुठलाही कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा कोरा असतो. आपण कोण, काय करायचं, काही माहीत नसतं. त्याच्या आत कायमचा कोरलेला एक छोटासा प्रोग्रॅम असतो. तो फक्त एवढंच बघतो, की ऑपरेटिंग सिस्टिम कुठून उचलायची. त्याला एक क्रम दिलेला असतो. आधी आतली मेमरी, मग बाहेरची. जी सिस्टिम आधी सापडेल ती मालक. आपण तो क्रम उलटा करायचा. आधी बाहेर बघ, मग आत. बाहेर माझा पेन ड्राइव्ह. त्यात साधी सिस्टिम आहे. येईल तो आवाज जसाच्या तसा देणारी.'

'म्हणजे जुनं पुसलं जाईल?' केतकीने लिहिलं. तिला आता बोलण्याचाही भरवसा वाटेना.

'आज नाही. आज ड्राइव्हवरूनच चालवू. आतलं तसंच झोपून राहील. ड्राइव्ह काढला की ते परत उठेल. पटलं तर नंतर कायमचं बसवू. ते मात्र मागे फिरवता येत नाही. तुमच्या माणसांचे आवाज त्या सिस्टिमने इतकी वर्षं शिकून ठेवलेत, ते सगळं जाईल.' मग तिने टाइप केलं: 'चालवून बघायला पुष्कळ येतात. बसवायला फारसं कुणी येत नाही.'

"लावा," केतकी म्हणाली.

तबस्सुमने प्रोसेसर बंद केला. शांतता अशी आली, की जणू खोलीतली हवाच ओढून घेतली. मग नखाएवढा पेन ड्राइव्ह चार्जिंगच्या जागी बसवला, कडेचं बटण दाबून धरलं आणि प्रोसेसर चालू केला. समोरच्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. त्यात एक ओळ अशी होती: बाहेरून सुरुवात.

कानात खरखर झाली. पंख्याचा आवाज आला, कर्कश, लोखंड घासल्यासारखा. रस्त्यावरचा हॉर्न कवटीत घुसला. केतकीने डोळे गच्च मिटले.

"येतंय का ऐकू?" पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी विचारलं.

"येतंय."

"आवाज घाण आहे, मॅडम. पण खरा आहे."

केतकीने लगेच सायलीला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका पुरुषाने उचलला.

"बोला, मॅडम," प्रथमेश म्हणाला.

"सायलीला द्या."

"ती मोरीत आहे. कडी लावून बसलीय."

"प्रथमेश, तिला काही झालं तर..."

"अहो, तुमच्यासमोर बोललो की! दोनदा बोललो. म्हटलं, बघू बाई काय करते. आणि तुम्ही काय, मस्त मान डोलावलीत." तो हसत होता. "उत्तम म्हणालात. आता मध्ये पडू नका."

फोन बंद झाला. केतकीने पोलिसांच्या मदतक्रमांकावर फोन केला आणि नाव, पत्ता सांगून म्हणाली, "कुपवाडला एक माणूस बायकोला जाळणार आहे. आत्ता, ताबडतोब."

"बरं, बरं," पलीकडचा तरुण प्रसन्नपणे म्हणाला. "सांभाळणार आहे म्हणताय ना? मग चांगलंच आहे, मॅडम. मिटलं असेल तर तक्रार मागे घ्यायची आहे का?"

"जाळणार आहे! पेटवणार आहे! मारणार आहे तिला!"

"हो, हो, कळलं. देव त्यांचं भलं करो."

केतकीने तबस्सुमकडे पाहिलं. तबस्सुमने सुस्कारा सोडला. "तेच सॉफ्टवेअर. चांगल्या कानाच्या माणसांसाठीही आलंय आता, इयरफोनमध्ये. दिवसभर शिव्या ऐकून पोरं आजारी पडतात म्हणून बऱ्याच कॉल सेंटरनी घेतलंय. यांनीही घेतलं असणार."

म्हणजे आपणच जायला हवं. केतकीने नवऱ्याला मेसेज केला: गाडी घेऊन मिरजेला ये, जिवाचा प्रश्न आहे.

शंतनू विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायचा. तो लवकरच आला. केतकी शेजारी बसली. केसांआड लपलेला पेन ड्राइव्ह त्याला दिसला नाही. तिने कुपवाडची पोलीस चौकी सांगितली. त्याने गाडी वळवली आणि तिच्याकडे बघून गोड हसला.

"निघाली महाराणी," तो म्हणाला. "आता कुठल्या बाईचं रडगाणं? मी काय ड्रायव्हर आहे तुझा?"

स्वर अगदी मायेचा होता. लहान मुलाला झोपवताना असतो तसा. केतकी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"कंटाळलो बुवा मी," शंतनू आरामात बोलत होता. "तुझ्या नोकरीला, तुझ्या या कानाला. तुलाच. त्या आजारपणात गेली असतीस तर दोघंही सुटलो असतो. परवाच म्हणालो तुला तसं, चहा पिताना. आणि तू काय म्हणालीस? 'थँक्यू रे.'" तो स्वतःशीच हसला.

परवाचा चहा केतकीला आठवत होता. तो म्हणाला होता, त्या आजारपणात तू गेली असतीस तर मी कसा जगलो असतो. ती बोलता बोलता रडली होती.

"पुढच्या चौकात डावीकडे घे," ती म्हणाली. "आणि शंतनू, आत्ता जे बोललास ते मी ऐकलं. जसंच्या तसं."

गाडीला एकदम हिसका बसला. मागून कुणीतरी हॉर्न मारला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"केतकी, ऐक..."

"कधीपासून?"

"अपडेट आलं तेव्हापासून," तो म्हणाला. "एकदा रागात ओरडलो तुझ्यावर. तू हसलीस, जवळ आलीस. मला आधी कळेचना. मग... मग सवय झाली. तुझ्या आजारपणापासून मी कधी मोकळेपणाने बोललोच नव्हतो गं. तू इतकी नाजूक झाली होतीस. हे असं मनातलं बोलून टाकता यायचं. तुला लागत नव्हतं. घरात किती शांतता होती, आठव जरा."

"माझ्यासमोर बायका येऊन बसतात, शंतनू. नवऱ्याने काय धमकी दिली ते मला सांगतात. आणि मला काय ऐकू येतंय, हे तुला माहीत होतं."

शंतनू हळूच म्हणाला, "तो विचार माझ्या डोक्यात आला नाही."

चौकी आली. आत दोन हवालदार आणि एक महिला सब-इन्स्पेक्टर होती. खिशावर नाव होतं, पाटोळे. तिघांच्याही कानांत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकत होतं. केतकीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलावरचा एक पाठकोरा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कानातलं काढा. एक माणूस बायकोला जाळतोय. मी तोंडाने सांगितलं तर तुम्हाला वेगळंच ऐकू येईल.'

पाटोळेंनी वाचलं. केतकीकडे वर-खाली पाहिलं. मग कानातलं काढून टेबलावर ठेवलं. "बोला आता."

केतकी बोलली. पाटोळेंचा चेहरा पहिल्याच वाक्याला बदलला. त्या उठल्या, एका हवालदाराला जीपकडे पिटाळलं आणि दुसऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पण काढा ते." पहिला तोवर बाहेर पोचला होता.

खोतांचं घर कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, पत्र्याचं छप्पर आणि पुढे फरशीचं अंगण. सूर्य मावळायला आला होता. अंगणात प्रथमेश पाटावर बसला होता, शेजारी रिकामा कॅन. हवेत पेट्रोलचा असा वास होता, की डोळ्यांत पाणी येत होतं. त्याची आई फाटकाबाहेर पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला बोलवेना, ती नुसती आत बोट दाखवत होती.

पहिला हवालदार सगळ्यांत पुढे होता. "काय चाललंय?" त्याने दरडावून विचारलं.

"काही नाही," प्रथमेश शांतपणे म्हणाला. "काडी लावायची तेवढी राहिलीय."

हवालदार मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. "काही नाही, मॅडम. म्हणतोय, दिवा लावायचा राहिलाय. तिन्हीसांज झाली ना."

त्याचं बोलणं संपायच्या आत पाटोळे त्याला ढकलून पुढे धावल्या. प्रथमेशने खिशात हात घातला. दुसऱ्या हवालदाराने त्याला पाटासकट पालथा पाडला. काडेपेटी फरशीवरून सरकत केतकीच्या पायाशी आली. ती तिने उचलली आणि मुठीत इतकी घट्ट धरली, की ती चुरगळली.

मोरीचं दार आतून बंद होतं. दाराच्या वरच्या फटीतून ओतलेलं पेट्रोल उंबऱ्यात साचलं होतं. "सायली, मी केतकी. उघड," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. कडी सरकली. सायली कोपऱ्यात उभी होती. तिचे केस, साडी, सगळं पेट्रोलने निथळत होतं. तिने पोरीला नळाखालच्या रिकाम्या पिंपात बसवलं होतं आणि पिंपावर ओला टॉवेल टाकला होता.

दोघी वाचल्या. सरकारी दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी केतकी भेटायला गेली, तेव्हा पोर खाटेवर बिस्कीट खात होती. सायलीने केतकीला बस म्हटलं नाही.

"तो आधीपण असं म्हणायचा," ती म्हणाली. तिचा आवाज खरखरत केतकीच्या डोक्यात उतरत होता, एकही शब्द न गाळता. "पण केलं नव्हतं कधी. काल गाडीवर सारखा हेच म्हणत होता, बघ, त्या मॅडमलासुद्धा पटलंय. तुम्ही मान डोलावलीत, म्हणून त्याला जोर आला."

"माझं यंत्र..."

"मला माहितीय. पाटोळे मॅडमनी सांगितलं. तुमची चूक नाही, असंही म्हणाल्या." सायलीने पोरीच्या तोंडावरचा चुरा पुसला. "पण मी तुमच्यासमोर ओरडून सांगत होते आणि तुम्ही माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत होता. ते मला विसरता येणार नाही. तुम्ही जा आता."

केतकी बाहेर पडली. जिना उतरताना तिच्या मनात मागच्या वर्षभरातली एकेक खुर्ची येत गेली. सांभाळीन म्हणणारा, जपेन म्हणणारा, फुलासारखी ठेवीन म्हणणारा. त्या बायकांना तिने हसत घरी पाठवलं होतं. पुढचे काही दिवस ती रंगरावमामांना घेऊन दारोदार फिरली. काही जणी भेटल्या. दोन घरांना कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना काही सांगायचं नव्हतं.

या दिवसांत पेन ड्राइव्ह कानामागेच होता. संध्याकाळी डोकं ठणकायचं. दुकानातली माणसं, रिक्षावाले, बँकेतली मुलगी, सगळीच तिला तुसडी वाटू लागली होती. मग तिच्या लक्षात आलं, की माणसं नेहमी अशीच बोलत होती, तीच विसरली होती. शंतनू घरात मुका झाला होता. ताट वाढून द्यायचा आणि दुसऱ्या खोलीत जायचा. कधी कधी तिचा हात आपोआप कानामागे जायचा. नुसतं उपटून काढलं की झालं. पंख्याची झुळूक पुन्हा झुळकेसारखी वाटेल. शंतनू पुन्हा मायेने बोलेल.

मग तबस्सुमचा मेसेज आला. कंपनीचं नवं अपडेट येतंय. बाहेरून सुरू व्हायची वाट त्यात कायमची बंद होणार. बसवायचं तर आत्ताच.

केतकी दुपारी मिरजेला गेली.

"आतलं सगळं पुसू?" तबस्सुमने विचारलं. "शेवटचं विचारते."

"पुसा."

प्रोसेसर कानामागून निघाला आणि टेबलावरच्या वायरला लागला. स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. केतकी पूर्ण बहिरेपणात बसून राहिली. तिला आईचा आवाज आठवून बघावासा वाटला. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. अखेरच्या दिवसांत आई तिच्याशी फार गोड बोलली होती. त्यातलं आईचं किती होतं, हे आता कुणाला विचारणार? पट्टी भरत आली. तबस्सुमने अंगठा वर केला आणि प्रोसेसर तिच्या कानामागे बसवला. आता बाहेर काहीच लावलेलं नव्हतं. खरखर झाली, पंखा घासला, हॉर्न वाजला.

"बसली," तबस्सुमचा पत्र्याचा आवाज म्हणाला.

घरी येऊन केतकीने बॅग भरली. पाटोळेंच्या ओळखीने तिला एक खोली भाड्याने मिळाली होती. शंतनू जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत बसला होता. ती त्याच्यासमोर बसली. त्याने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पूर्ण लक्ष देऊन बघितलं. इतक्या दिवसांत प्रथमच.

"मी जातेय," ती म्हणाली. "परत येणार नाही."

शंतनूने मान डोलावली.

"तू मला कंटाळलास म्हणून नाही. माणूस कंटाळतो. तोंडावर सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, कदाचित राहिलेही असते. पण तू मला आंधळ्यासारखं त्या खुर्चीत बसू दिलंस. सायली मेली असती. ज्या दोन घरांना कुलूप आहे, तिथे काय झालं, मला माहीत नाही. तुला झोप कशी लागते, शंतनू?"

"छान," तो हसून म्हणाला. "तुझीही होईल आता. तू दमली होतीस फार."

केतकी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती. डोळे शांत होते, ओलसर.

"मला तुझी किळस येते," ती सावकाश म्हणाली.

"माहितीय मला," तो म्हणाला आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "माझाही तुझ्यावर तितकाच जीव आहे."

तो पाणी आणायला उठला. ओट्याकडे वळला तेव्हा खिडकीतलं ऊन त्याच्या मानेवर आलं, आणि त्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकलं.

केतकीने बॅग उचलली. चपला घातल्या. दार उघडताना मागून त्याचा आवाज आला, खरखरीत, ओबडधोबड. पण शब्द त्याचेच होते, अगदी मनापासूनचे.

"लवकर ये हं. येताना दही आण."